चौथा खून

जयवंत साटमांनी आयुष्यभर सिनेमे कापले-जोडले, पण चौकशी झाली ती एकाचीच. चाळीस वर्षांपूर्वी परळच्या एका रिकाम्या चाळीत बारा दिवसांत उरकलेला, सुरा घेऊन फिरणाऱ्या खुन्याचा सिनेमा. त्यावर लिहायचं म्हणून जुन्या सिनेमांवर लेख लिहिणारी मेघना लालबागला त्यांच्या खोलीवर आली. बायको गेल्यापासून दुपारचं कोणी येत नसे. साटम खुलले.

लॅपटॉपवर सिनेमा सुरू झाला तसे ते हसत हसत चुका दाखवू लागले. "हे रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. ती बघ, भिंतीवर माइकची सावली. आणि खुनी खून का करतो, ते आम्हालाच शेवटपर्यंत ठरवता आलं नाही."

"पण गॅलरीतली ती पावलं, काका! संगीत नाही, काही नाही. काटा येतो अंगावर."

"संगीतकार पळून गेला होता."

"आणि चौथा खून तर कमाल!"

"तीनच आहेत," साटम म्हणाले. "मीच जोडलाय सिनेमा."

मेघनाने पुढे नेऊन दाखवलं. खोलीत एक बाई एकटी बसलेली. चाळिशीची, साधीशी. केस विंचरता विंचरता थांबून कानोसा घेते. बाहेर पावलं वाजतात. ती घाबरत नाही. उठून स्वतःच कडी काढते, "किती उशीर केलात," म्हणते, आणि दृश्य तुटतं. साऱ्या सिनेमात खरा अभिनय तेवढाच.

साटमांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

मेघना पेनड्राइव्ह ठेवून गेल्यावर त्यांनी वडाळ्याला नानांना फोन लावला. कॅमेरा नानांचा होता.

"जयवंता, ती खोली मी रिकामीच शूट केली रे. आत कोण नव्हता. पण कोणीतरी वाट बघतंय असं वाटलं होतं खरं."

साटम रोज दुपारी टीव्हीवर तेवढंच दृश्य लावू लागले. भीती अशी वाटेना. उशीर केलात, असं त्यांना कित्येक दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

आठवड्याने मेघनाचा फोन आला. आवाज उतरलेला.

"काका, माझ्या कॉपीत खोली रिकामी आहे. दार सताड उघडं. तुमच्याकडे आहे का ती?"

साटमांनी टीव्हीकडे पाहिलं. तिथेही रिकामी खोली.

"नाही."

"तुम्ही ठीक आहात ना? एकटेच आहात?"

"हो, एकटाच," म्हणत साटम पलंगावर भिंतीकडे सरकले, शेजारी कोणाला बसता येईल इतके.