दव सुकेपर्यंत थांबा

माझ्या मक्यात एक अनोळखी माणूस उभा होता, आणि तो एका पानाला डोळा मारत होता.

म्हणजे मला तसं वाटलं. नंतर कळलं की तो पान सूर्यासमोर धरून, एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्याने भिंगातून बघत होता. पण पहिल्या नजरेत कुठल्याही शेतकरणीला राग यावा असंच ते दृश्य होतं.

"ओ भाऊ!" मी बांधावरून ओरडले. "काही हरवलं का तुमचं?"

तो दचकला नाही. त्याने पानही सोडलं नाही. मान वळवून फार गंभीरपणे विचारलं, "लागण कधी झाली?"

आता आमच्या सोनगीरला वारा असा असतो की निम्मा शब्द किल्ल्याकडे जातो आणि निम्मा कानात येतो. त्यात आमच्या कानांना 'ण' आणि 'न' मधला फरक कुणी शिकवलेला नाही. मला ऐकू आलं : लगन.

"झालेलं नाही," मी म्हणाले. "आणि झालं असतं तरी तुम्हाला काय करायचंय?"

"झालेली नाही कशी?" तो म्हणाला. "खाली बघा. स्पष्ट दिसतेय."

मी खाली पाहिलं. माझ्या पायांत जोडवी नव्हती.

'झालं'च्या जागी तो 'झाली' म्हणतोय हे माझ्या लक्षात आलं होतं. पण भर मक्यात उभं राहून लग्नाचं विचारणाऱ्या माणसाचं व्याकरण कोण तपासतं? खरी अडचण वेगळी होती. शेजारच्या ओळीतून पुना नाना चालले होते. त्यांनीही ऐकलं.

पुना नाना म्हणजे आमच्या शिवाराचं चालतं वर्तमानपत्र. रोज सकाळी सातला, दवात, प्रत्येकाच्या वावरातून सरळ आडवे जातात आणि प्रत्येक बांधावर एकेक बातमी ठेवतात. दुपारपर्यंत अख्ख्या शिवारात झालं... धुळ्याहून एक पोऱ्या आला आणि त्याने तोतारामच्या हेमांगीला भर वावरात लग्नाचं विचारलं.

त्याचं नाव प्रेमराज. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. त्यानेच सांगितलं, आणि सांगताना जरा ओशाळला. एवढं नाव ठेवल्यावर माणसाला स्वतःहून करण्यासारखं काय उरतं? रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. धुळ्याला पिकांच्या रोगांचा अभ्यास करत होता आणि महामार्गाकडेची मक्याची शेतं तपासत फिरत होता.

"पट्टे बघा," तो म्हणाला आणि पान माझ्या चेहऱ्यासमोर धरलं. पलीकडून ऊन. शिरांच्या मधून लांबट, तपकिरी रेघा, कडा वेड्यावाकड्या, आणि त्यांच्याभोवती पिवळा उजेड — देवळातल्या समईमागच्या भिंतीसारखा. रोग इतका देखणा असतो हे मला माहीत नव्हतं. पानाच्या पलीकडे त्याचा डोळा होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. रोगाकडे बघत होते. बराच वेळ.

"बुरशी असती तर कडा सरळ असत्या," तो हळूच म्हणाला. "उजेडही आरपार आला नसता. हा जिवाणू वाटतोय. खात्री करायला... काचेचा ग्लास मिळेल?"

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. कारण या मक्यावर माझं सगळं अडकलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जूनमध्ये सांगितलं होतं, "यंदा मका तुना. पिकना तं वावर बी तुनं. नही तं चाळीसगावना पाव्हना बलावसू." म्हणजे पिकला तर चार एकर माझे, नाही तर लग्न. चाळीसगावचा पाहुणा चांगला होता, असं सगळे म्हणत. मला त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. मला फक्त माझं वावर हवं होतं.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीत चहाचा एक काचेचा ग्लास होता. मी तो तीनदा धुतला. त्याने खिशातून छोटं पातं काढलं, पट्ट्याच्या कडेवरचा बोटभर तुकडा कापला आणि स्वच्छ पाण्यात उभा सोडला.

"आता?"

"आता थांबायचं."

आम्ही ग्लासाजवळ वाकून थांबलो. माणसं चंद्र बघतात, तलावात नाव फिरवतात. आम्ही दोघं एका ओट्यावर डोकं डोक्याजवळ आणून मक्याच्या तुकड्याकडे बघत होतो. त्याच्या श्वासाने पाणी हलेल म्हणून तो श्वाससुद्धा बेताने घेत होता. मग पानाच्या कापलेल्या कडेतून एक दुधाळ धागा निघाला. बारीक... वळत, डुलत खाली उतरला.

"आला," तो म्हणाला. इतक्या मायेने, की त्या धाग्याच्या जागी असते तर मीही पाण्यात उतरले असते.

"हे काय?"

"जिवाणू. लाखो. बाहेर पडतायत."

"आणि औषध?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

आत्तापर्यंत मला अकरा जणांनी अकरा औषधं सांगितली होती. कृषी केंद्रवाल्याने तर पान न बघताच दोन डबे काढून ठेवले होते. 'नाही' म्हणणारा हा पहिला. आणि म्हणताना त्याने डोळे खाली घातले नाहीत. आजवर मी माणसांमध्ये शूर कुणाला म्हणायचं यावर फारसा विचार केला नव्हता. त्या दिवशी केला.

"बुरशीची औषधं याला लागू पडत नाहीत," तो म्हणाला. "उगाच फवारू नका. पाणी कसं देता?"

"तुषारने. वरून." ऑगस्टात पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तेव्हा मीच मोठ्या हौसेने लावले होते. रोज संध्याकाळी मक्याला अंघोळ.

त्याने पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. मला कळलं.

"म्हणजे मीच पसरवला."

"पाण्याला काय माहीत," तो म्हणाला, "आपण काय घेऊन उडतोय ते. तुषार बंद करा, सरीतून द्या. आणि पानं ओली असताना वावरात कुणी पाय टाकायचा नाही. कुणीच नाही. दव सुकेपर्यंत थांबायचं. कणसाच्या वरची पानं वाचली तर दाणा भरेल."

"वाचतील?"

"सांगता येत नाही."

"खोटं का होईना, हो म्हणा ना."

"मग मंगळवारी तुमच्यासमोर कसा उभा राहू?"

म्हणजे मंगळवारी येणार होता. मी हे मनात दोनदा मोजलं.

मंगळवारी तो आला. वहीत शिवाराचा नकाशा काढून आणला होता. कोणाच्या कुठल्या ओळीत लागण, तिथे लाल टिंब. टिंबं जोडली तर एक रेघ होत होती. रेघ बन्सीलाल काकांच्या मक्यातून निघून, आमच्या मक्यातून तिरकी जाऊन, जीवराम आप्पांच्या बांधावर बिचकून वळत होती.

"हा रोग पायवाटेने चाललाय," प्रेमराज विचारात पडला. "रोज. सकाळी. पण मधेच असा वळतो का?"

"तिथे आप्पांचा कुत्रा असतो," मी म्हणाले. "नाना तिथे वळतात."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या लग्नाची अफवा आणि मक्याचा जिवाणू एकाच वाटेने, एकाच धोतराला लागून पसरले होते.

नानांना 'येऊ नका' म्हणायची हिंमत कुणात नव्हती. म्हणून मी बांधावर खुर्ची टाकली. रोज सकाळी सातला तिथे चहा, बिस्किट. अट एकच : दव सुकेपर्यंत उठायचं नाही. नाना खूश. खुर्चीमुळे बातमीला ऑफिस आल्यासारखं झालं. लोकच येऊन बातम्या देऊ लागले.

असे सहा मंगळवार गेले. तो साडेनऊच्या एसटीने यायचा, ब्लीचिंगच्या पाण्याच्या घमेल्यात गमबूट बुडवायचा आणि मग वावरात उतरायचा.

"देवळात जाताना तरी इतके पाय धुता का?" मी विचारलं.

"देवळात लागण पसरत नाही."

"लगन पसरतं."

तो पान चुकीच्या बाजूने बघू लागला.

चौथ्या आठवड्यात खालच्या पानांवर पट्टे वाढले. आबांनी फवारणीचा पंप पाठीला लावला. मी बांधावर आडवी उभी राहिले.

"आबा, आठ दिवस थांबा."

"त्या पोऱ्याना सांगावर? त्याना कडे तं औषध बी नही!"

"म्हणूनच," मी म्हणाले. "त्याच्याकडे विकायला काही नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंप उतरवला. मी बापाचं ऐकलं नाही आणि बापाने माझं ऐकलं, हे आमच्या घरात पहिल्यांदा घडलं. रात्रभर मला झोप नाही. चूक ठरले असते तर वावर गेलं असतं. तोही गेला असता... पण तो कुठे माझा होता?

पट्टे कणसाखाली थांबले. वरची पानं हिरवीगार, तलवारीसारखी. आश्विनात एका संध्याकाळी आबांनी कणसाचं साल सोललं, टोकापर्यंत अंगठा फिरवला आणि मोटारीच्या पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. आमच्याकडे सातबारा नंतर. आधी किल्ली.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवार नसताना, सकाळी पावणेआठला तो पलीकडच्या बांधावर दिसला. हातात पिशवी. मी मोटारीच्या खोलीपाशी, तो चार एकर पलीकडे, मधे दवाने चिंब मका.

तो काहीतरी ओरडला. वारा किल्ल्याकडे.

"काय?"

मधल्या बांधावर खुर्चीत पुना नाना होते. त्यांनी चहा खाली ठेवला. आयुष्यभर ज्याची तयारी केली तो क्षण आला होता.

"तो म्हनस, जळगावले नोकरी लागनी! मेहरूणना तळाव जोडे! आठनी गाडी शे!"

माझ्या हातातली किल्ली अचानक जड झाली.

"त्यांना म्हणावं, अभिनंदन!"

नानांनी पलीकडे ओरडून पोचवलं. पलीकडून पुन्हा काही आलं. नाना बराच वेळ कानाला हात लावून बसले, मग वळले.

"पोरी, तो इचारस... लगन व्हयनं का?"

मी मक्याकडे पाहिलं. त्याने 'लागण झाली का' म्हटलं होतं की 'लगन झालं का', हे त्यालाच माहीत. या वेळी मला व्याकरण तपासायचं नव्हतं.

"नाना, त्याले सांगा," मी ओरडले, "लागन व्हयनी! लगन बाकी शे!"

नानांनी जितक्या जोरात हे पोचवलं तितक्या जोरात आमच्या शिवारात आजवर मोटारही सुरू झाली नसेल.

तो धावत सुटला. पण वावरात नाही! मक्यातून सरळ आला असता तर दोन मिनिटं. तो बांधाबांधाने, जीवराम आप्पांच्या कुत्र्याला वळसा घालून, अख्खं शिवार फिरून आला. वीस मिनिटं लागली. महामार्गावर आठची गाडी भोंगा वाजवत निघून गेली. त्याने वळूनही पाहिलं नाही. माझ्या एका पानाला धक्का लागू नये म्हणून हा माणूस नोकरीची गाडी सोडत होता. मी ते पूर्ण वीस मिनिटं बघितलं. पोट भरलं नाही.

तो समोर येऊन उभा राहिला. धापा. गुडघ्यापर्यंत चिखल.

"मी वावर सोडून येणार नाही," मी आधीच सांगितलं.

"मका हलवता येत नाही," तो म्हणाला. "मला येतं."

आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"अहो, आधी बूट —" मी म्हणाले, आणि थांबले.

'अहो' निघून गेलं होतं. ते परत घेता येत नाही. तो लाल झाला, घमेल्याकडे गेला आणि गमबूट धुऊ लागला. एकदा... दोनदा... बूट केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच राहिला, मान खाली, हसत.

त्या दुपारी आबांनी चाळीसगावला फोन लावला. "पोरीले लागन व्हयेल शे," म्हणाले. समोरून पाहुण्यांनी 'लागण' ऐकलं की 'लगन', देव जाणे. कोणाची, कशाची, काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "जेवायला कधी येऊ?"