दोन वीत साखळी

"चोरी! चक्क पाण्याची चोरी!" दिपेश ट्रॅक्टरवरच्या टाकीच्या कडेला लोंबकळत ओरडला. "तळ्यावरून निघताना काठोकाठ भरलेली मी स्वतः बघितलेली. आता बघा, अर्धी!"

"पाणी कोण चोरेल रे, येड्या?" दक्षताने त्याला खाली ओढलं आणि स्वतः आत डोकावली. तिचा चेहराच उतरला. टाकीतले जिताडे कुशीवर पडून तोंडं उघडत-मिटत होते. दोन तर हलतही नव्हते.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. डोंबिवलीहून दक्षताचा चुलतभाऊ दिपेश आला होता आणि नौपाड्याहून तिची वर्गमैत्रीण उर्वी. कोलशेतला खाडीकाठी दक्षताच्या आवडाआत्याचं तळं होतं. त्यात आत्या जिताडे पाळायची. जिताडा म्हणजे आगरी घरातला मानाचा मासा! जावई आला की जिताडा, व्याही रुसला की जिताडा. नौपाड्यात खानावळ चालवणाऱ्या कमळाबाई दर आठवड्याला मासे घ्यायला तयार होत्या, पण अट एकच. मासे जिवंत हवेत.

आणि तिथेच तर घोडं अडलं होतं. तळ्यातून उड्या मारत निघालेले मासे गावच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत अर्धमेले होत होते.

गोपीनाथकाकांनी, म्हणजे आत्याच्या भावाने, टाकीत बघून मान हलवली. "आवडे, रविवारी कमळाबाई स्वतः नाक्यावर येनार. तवा जमलं तर जमलं. नाय तर सोमवारी तळ्यात भराव टाकायचा. ट्रक उभं करायला जागा पायजे म्हनून एक ट्रकवाला मना रोज फोन करतोय."

मेलेले दोन मासे पदराआड धरून आत्या घराकडे निघाली. दक्षताला इतका राग आला, इतका राग आला, की तिने ट्रॅक्टरलाच एक लाथ हाणली. ट्रॅक्टरला काय होणार! हीच अंगठा धरून नाचायला लागली.

"लाथा नंतर मार," उर्वी म्हणाली. "आधी शोध लावू. पाणी जातं कुठे?"

दुसऱ्या दिवशी काकांनी टाकीत नुसतं पाणी भरून ट्रॅक्टर तपासायला काढला. तिघं सायकली घेऊन मागे लागली. काकांचा मुलगा भावेशदादा ट्रॅक्टर चालवत होता आणि कानात गाणी ऐकत होता. ट्रॉली चिखलात रुतायची, म्हणून टाकी ट्रॅक्टरच्याच मागे, दोन मोठ्या चाकांच्या मधोमध लोखंडी फळीवर बसवली होती. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्याभोवती होडीच्या जुन्या साखळ्या गुंडाळलेल्या.

बांधावरच्या चिखलातून ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

"काहीच तर होत नाहीये!" दिपेश अगदी टाकीमागे जाऊन म्हणाला. तेवढ्यात बांध संपला, काँक्रीटचा रस्ता लागला आणि...

धड! धड! धडाक्! ट्रॅक्टर पोटभर जेवलेल्या बदकासारखा डुलायला लागला. टाकीतून पाण्याचा लोट उसळला तो थेट दिपेशच्या तोंडावर!

"थू! थू! खारट!"

"सापडला चोर!" दक्षता टाळ्या पिटत ओरडली. "साखळ्या! चिखलात त्या आत रुततात. कडक रस्त्यावर चाकंच नाचवतात!"

"मग रस्त्यावर साखळ्या काढून टाकायच्या ना," दिपेश तोंड पुसत म्हणाला.

"आणि पुढे? नाक्याच्या अलीकडे परत भरतीचा चिखल आहे. तिथे परत घालायच्या? तोवर मासे आत्मचरित्र लिहून मोकळे होतील!"

उर्वी मात्र खाली वाकून रस्ता बघत होती. चिखलाने माखलेल्या साखळ्यांनी काँक्रीटवर आडव्या रेघा उमटवल्या होत्या. "अगं, हे बघ. उजवीकडच्या रेघा लांब लांब आहेत. डावीकडच्या जवळ जवळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

संध्याकाळी काका ओट्यावर चहा पीत बसले होते. शेजारी भावेशदादा. दक्षता गोड आवाजात म्हणाली, "काका, साखळ्या तुम्हीच बसवल्यात ना? किती अंतरावर?"

"दोन-दोन वीत!" काकांनी छाती फुगवली. "उजवं चाक माजं, डावं भावेशचं. एका सकालीत काम फत्ते!"

"पैज लावता? तुमच्या आणि भावेशदादाच्या दोन विती सारख्या नाहीत!"

"येडी का तू? दोन वीत म्हंजे दोन वीत! ठान्यात काय नि कल्यानात काय!"

"हरलात तर?"

"हरलो तर तुमी सांगाल ते करीन. जा!"

उर्वीने खडूने ओट्यावर रेघ मारली. त्या रेघेपासून काकांनी आपला सुपाएवढा पंजा दोनदा टेकवला. खूण केली. मग भावेशदादाने आपली नाजूक बोटं ताणताणून दोनदा टेकवली. दोन खुणांच्या मध्ये दिपेशची अख्खी मूठ मावली!

काकांनी खुणांकडे पाहिलं, मग पंजाकडे, मग परत खुणांकडे. "आरं तिच्या मारी..."

आणि आत्या हसली! कितीतरी दिवसांनी हसली. "गोपी, जालं इनताना आपला बा मधी बांबूची पट्टी घालायचा ना रं? परतेक घर सारकं यावं म्हनून. तू वीत घालून जालं इनलं असतंस तर मासं कवाच पलालं असतं!"

"बरं बरं," काका खजील होऊन म्हणाले. "हरलो. अंतर सारकं करतो."

"त्याने डुलणं थांबेल, काका, पण धडधड नाही थांबणार," उर्वी म्हणाली. "दोन साखळ्यांच्या मध्ये चाक खाली आदळतं, मग पुढच्या साखळीवर चढतं. सारखं आपलं चढ-उतर, चढ-उतर!"

"मग काय करायचं?" काकांनी विचारलं.

दक्षता हिरमुसून भिंतीला टांगलेल्या आत्याच्या जाळ्यावर रेलली. जाळ्याची तिरपी घरं तिच्या नाकासमोर होती. ती ताडकन उठली. "जाळं! चाकाला जाळं नेसवायचं! तिरप्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. एक संपायच्या आत दुसरी चाकाखाली येणारच!"

पण काका नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. मग दक्षताची जुनी छोटी सायकल बाहेर निघाली. तिचे ब्रेक आणि मडगार्ड कधीचेच स्वर्गवासी झालेले. पुढच्या चाकाला जाड सुतळी आडवी आडवी बांधली, बास्केटमध्ये पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि दिपेशने सायकल ढकलली. अंगणभर सडा! मग आत्याने तीच सुतळी जाळ्यासारखी तिरपी, पट्टी लावून बांधून दिली. तांब्या पुन्हा भरला. या वेळी पाणी नुसतं डुचमळलं.

काका उठले. "भावेश, संदेशच्या वेल्डिंगच्या दुकानात चल. आताच!"

संदेशदादाने पूर्ण दिवस खपून जुन्या साखळ्या सोडवल्या, लोखंडी पट्टीने अंतर मोजत नवी जाळी जोडली आणि चाकांवर घट्ट आवळली. तरी रविवारी सकाळी काका कुरकुरत होतेच. "रस्त्यावर जमंल. पन जालीत चिखल भरला नि चाक रुतलं तर?"

टाकीत जिताडे सोडले. आत्याने हात जोडले आणि ती काकांबरोबर भावेशदादाच्या शेजारी चढून बसली. भावेशदादाने गाणी बंद केली, हीसुद्धा मुलांचीच अट!

बांध पार झाला. काँक्रीट लागलं. खळखळ, खळखळ... धडधड नाही! दिपेश हट्टाने टाकीमागेच सायकल चालवत होता आणि कोरडा ठणठणीत होता. "झकास! भावेशदादा, असंच!"

मग आला शेवटचा चिखल. चाकं आत गेली, गरगरली. ट्रॅक्टर थांबला! नाक्यावर उभ्या असलेल्या कमळाबाई घड्याळ बघत होत्या. आत्याने डोळे मिटले.

"दादा, हळू! एकदम रेस नको!" दक्षता जिवाच्या आकांताने ओरडली. भावेशदादाने पाय सैल केला. चाक सावकाश फिरलं, जाळीने चिखलाला धरलं आणि ट्रॅक्टर घुर्र करत वर आला!

कमळाबाईंनी चष्मा सावरला. "बघू, आज तरी काय आणलंय," असं म्हणत त्या टाकीवर वाकल्या. सपाक्! एका दांडग्या जिताड्याने शेपटीचा असा फटका मारला की बाईंचा चष्मा, अंबाडा आणि नवी साडी सगळं चिंब!

कमळाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि त्या खदखदून हसल्या. "अहो, हा नुसता जिवंत नाही, हा तर भांडखोर आहे! आवडाबाई, असेच भांडखोर मासे मला दर आठवड्याला हवेत!"

आत्याने तिन्ही पोरांना एकदम कवेत घेतलं. काका मात्र आपल्या सुपाएवढ्या पंजाने दिपेशची पाठ अशी थोपटत होते की तो खोकायलाच लागला. "पोरांनो, आमी मोठी मानसं तळं बुजवायला निगालो, नि तुमी ट्रॅक्टरला जालं नेसवून वाचवलंत. मानलं तुमाला!"

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. तोच ट्रकवाला होता. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "काय शेठ, उद्या तळं भरायचं ना?"

काकांनी टाकीत उसळणाऱ्या माशांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"नाय रे बाबा," ते म्हणाले, "आमचं तळं भरलेलंच हाय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.