रस्ता झाकणारी ताडपत्री

आधीच सांगून ठेवतो, तुमचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाच कितीतरी वर्षं बसला नव्हता.

शहात्तर सालचा हिवाळा. रायपूरहून ट्रकमध्ये तांदूळ भरून येत होतो. मौद्याजवळ पोटात अशी कळ उठली, की मी घट्ट धरलेलं स्टेअरिंगच वाकलं. त्या वाकड्या स्टेअरिंगनं गाडी नागपूरच्या दवाखान्यापर्यंत आणली. अपेंडिक्स फुटलेलं, लगेच पोट फाडलं. डॉक्टर म्हणाले, रुपराव, वाटेत चहाला थांबला असता तर आपली भेट झाली नसती.

मग नागपूरलगतच्या वाडीतल्या भाड्याच्या खोलीत खाट, मायच्या हातची पातळ खिचडी आणि दारासमोर अमरावती रोड. उन्हाळ्यापर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. ट्रक जायचे, आणि पांघरुणात माझा पाय आपोआप क्लच दाबायचा. नुसत्या वासावरून मी ओळखायचो, हा नाशिकचा कांदा, ही गुंटूरची मिरची. जखमेहून ते जाणारे ट्रक जास्त दुखायचे.

एके सकाळी डोळे उघडले, तर रस्ताच गायब. दारापुढच्या दोरीवर कुणीतरी ही मोठी ताडपत्री वाळत घातलेली.

“कोण आहे गा तिकडे? माझा रस्ता काहून झाकून राहिला?”

ताडपत्रीला एक भोक होतं. त्या भोकात एक डोळा आला... काजळ घातलेला.

“तुमचा कसा जी? सरकारचा आहे रस्ता.”

ही जयवंता. शेजारच्या गोदामात फाटक्या ताडपत्र्या शिवायची. काढ म्हटलं तर म्हणाली, वाळल्याशिवाय सुई चालत नाही. आणि पलीकडेच बसली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, हे भोक कोणत्या गावी पडलं असेल? बिचारीनं वाडीचा नाका कधी ओलांडला नव्हता.

मग काय, मी सुटलोच. म्हटलं, जबलपूरच्या जंगलात वाघानं पंजा मारला. पुढच्या ताडपत्रीला हैदराबादेत चंद्राचं टोक अडकलं होतं. ती हसायची नाही. सुई तेवढी थांबायची, आणि भोकातला डोळा माझ्याकडे बघत राहायचा. मग ती टाका घालायची, आणखी एक... तो डोळा हळूहळू मावळायचा, आणि मी दुसऱ्या फाटक्या ताडपत्रीची वाट बघत पडून राहायचो. रस्ता दिसला नाही तरी चालेल, असंही एखाद्या दिवशी वाटून जायचं. त्याची मला धास्तीच बसली. ड्रायव्हरला असं वाटलं म्हणजे तो संपला.

म्हणून हैदराबादची खेप निघतेय असं कळताच पोट धरून मी मालकांकडे, मनोहररावांकडे गेलो. त्यांचा एक नियम होता. जो ड्रायव्हर ताडपत्रीचा दोर स्वतःच्या हातानं आवळेल, त्यालाच चावी. दोर ढिला राहिला तर वाऱ्यानं ताडपत्री उडते, मालाची वाट लागते. जयवंताच्या गोदामापुढंच गाडी उभी होती, आत कापसाच्या गाठी. मी टायरला पाय लावला, श्वास धरला आणि दोर ओढला. पोटातला टाका न् टाका बोंबलला. डोळ्यांपुढं काजवे. मनोहरराव गाडीच्या पलीकडे, त्यांना काही दिसत नव्हतं. जयवंताला दिसलं.

ती जवळ आली. दोरावर, माझ्या हाताशेजारी तिनं हात ठेवला. सुतळीनं चरे पडलेली बोटं... गरम होती.

आता ऐका. पुढं काय झालं, तर ती धाय मोकलून रडली. अख्ख्या वाडीदेखत तिनं माझे पाय धरले. म्हणाली, जाऊ नका, तुमच्याबिगर मी जगत नाही. माझं काळीज पाघळलं. मालकांना ओरडून सांगितलं, चावी ठेवा तुमच्यापाशीच, आणि तिला म्हटलं, ऊठ वं, तुझ्यासाठी सोडला मी रस्ता...

“खोटं.”

इतका वेळ पाठमोरी बसून तांदूळ निवडणारी आमची जयवंता बोलली. वळलीसुद्धा नाही.

“रडून तर तुम्ही राहिले होते. मी कायले पाय धरू? अन् जाऊ नका असं मी म्हटलंच नव्हतं.” तिचा सुपातला हात थांबला. “मी म्हटलं होतं, एकटे नका जाऊ. टाके भरू द्या... मग मले शेजारी बसवून न्या.”