सव्वासहा फुटांचे वस्ताद

वस्तादांनी डोळ्यांवरचा आभासी चष्मा काढला आणि म्हणाले, "झकास केलंयसा सगळं. पण ही आमची तालीम न्हवं."

अप्पांचा चेहरा एवढुसा झाला. अप्पा म्हणजे माझे आजोबा, पडलेल्या इमारती संगणकात पुन्हा उभ्या करणारे शास्त्रज्ञ. आणि शेजारच्या दादू वस्तादांनी आमच्या पेठेतल्या तालमीत चाळीस वर्षं पोरांना कुस्ती शिकवलेली. ती तालीम माझ्या जन्माआधीच पुरात वाहून गेली. आता पेठ ती पुन्हा बांधणार होती. सोमवारी गवंडी पाया खणणार, तेही आमच्या संगणकातली मापं घेऊन. आणि आज शनिवार!

"अहो, सत्तर फोटो जमवलेत," अप्पा कुरकुरले. दर नागपंचमीला सगळे पठ्ठे तालमीच्या दारात आणि आत मातीतही वस्तादांबरोबर फोटो काढायचे. घराघरांतून तेच गोळा केले होते.

"पण अप्पा, फोटो तर सपाट. त्यातून अख्खी इमारत कशी उभी राहते?" मी विचारलं.

"नाकासमोर बोट धर. एक डोळा मीट. आता तो उघड आणि दुसरा मीट."

अय्या! बोट टुणकन बाजूला सरकलं. समोरचं कपाट मात्र जेमतेम हललं.

"जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. दोन जागांवरून काढलेल्या फोटोंतही तसंच होतं. संगणक तीच खिडकी, तोच दगड प्रत्येक फोटोत हुडकतो. कोण किती सरकलं यावरून कोण कुठं होतं ते ठरवतो. याला म्हणतात छायामापन (फोटोंवरून वस्तूचा आकार काढणं)."

मग चुकलं कुठं? मी वस्तादांना पुन्हा आभासी चष्मा लावायला सांगितला (तो लावला की नसलेली जागा चहूबाजूंनी दिसते) आणि दुसरा स्वतः लावून त्यांच्या मागोमाग निघाले. आत कुस्ती खेळायचा लाल मातीचा हौदा होता, कोनाड्यात मारुतीराया होता. दारातून आत गेल्या गेल्या वस्ताद थबकले.

"हितं वाकाय लागतंय," ते म्हणाले. "तालमीचं दार मुद्दाम बुटकं ठिवत्यात. पैलवान किती का मोठा असंना, मातीम्होरं वाकूनच आत यायचं. आन् मी आत्ता ताठ शिरलो की गं!"

आम्ही चष्मे काढले. "दार मोठं कसं झालं, अप्पा?"

अप्पा विचारात पडले. "हातभर गणपती आणि पुरुषभर गणपती फोटोत सारखेच दिसतात. फोटो आकार सांगतो, मोठेपणा नाही. त्यासाठी एक तरी खरं माप लागतं. आपण वस्तादांची उंची घेतली. कुस्तीच्या जुन्या जाहिरातीवर छापलीच आहे, 'सव्वासहा फुटी ढाण्या वाघ'."

मी वस्तादांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आता ते जेमतेम पाच फूट आहेत. म्हातारपणी माणूस आखडतो, असं तेच आम्हाला सांगायचे. सव्वासहाचा आकडा पेठेत लहान पोरांनाही पाठ आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.



"लिव्ह पोरी," वस्ताद हळूच म्हणाले. "सव्वापाच. त्या जाहिरातवाल्यानं एक फूट चढवला. मला बी ग्वाड वाटलं. मग पन्नास वर्सं कोण खाली उतरवतंय? पर दार चुकाय नगं."

मला त्यांची इतकी माया वाटली की काय सांगू! मी आकडा बदलला. एका मापाबरोबर भिंती, खिडक्या, हौदा, सगळं त्याच प्रमाणात लहान झालं. दार साडेपाच फुटांच्या आसपास होतं, ते साडेचारवर आलं.

या वेळी वस्तादांनी आधी चपला काढल्या. मग चष्मा लावला आणि आमच्या रिकाम्या दिवाणखान्यात, कपाटासमोर, ते कमरेत वाकले. फरशीला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला.

"हीच," ते म्हणाले. "हीच की रं माझी तालीम!"

मीही चष्मा लावला. माझी उंची चार फूट नऊ इंच, पण मलाही वाकावं लागलं.

नव्या तालमीत पोरीही कुस्ती शिकणार आहेत. माझं नाव पहिलं आहे. सोमवारी गवंडीमामांना दाराचं माप मीच सांगणार, साडेचार फूट, इंचभरही जास्त नाही. आणि कुणी वस्तादांची उंची विचारली, तर सव्वासहा फूट!