तिळाएवढी काठी

नकाशाघरातल्या प्रकाशपटावर आईची जमीन उमटली, आणि इंदुमती गावीतला आधी वाटलं की यंत्रच बिघडलंय. तिने पट पुसला आणि पुन्हा लावला. तेच चित्र. धावती नावाच्या नदीच्या खालच्या अंगाला, तांबड्या खडकात, एक चिंधी. चिंधीच ती, दुसरा शब्द नाही. वरच्या अंगाला पहिल्या यानातल्या लोकांचे पट्टे नदीपासून थेट डोंगरापर्यंत पसरले होते, एकेकात अख्खं गाव बसावं एवढे. आणि नोंद मात्र दोन्हींवर एकच होती: तटहक्क, एक कोस.

उत्तरा ग्रहावरचा जमिनीचा कायदा तसा साधा. तिथे नदी सोडून कुठे थेंबभर पाणी नाही, म्हणून काठ हाच हक्क. कुटुंबामागे नदीकाठचा एक कोस आणि त्या कोसामागची डोंगरापर्यंतची जमीन. पहिल्या यानातले लोक आले, त्यांनी वरचा सरळ, मातीचा काठ धरला. आधी येईल तो आधी बसेल, त्याबद्दल इंदुमतीची तक्रार नव्हती. दुसऱ्या यानातल्यांना उरला खालचा काठ. जांभ्यासारखा भोकाभोकांचा खडक, पावलापावलावर कपारी आणि ओहळ, नि डोंगर काठाला चिकटलेला. तेही तिने गिळलं असतं. पण कोस म्हणजे कोस ना?

तिची आई जमनाबाई या एका कोसाच्या भरवशावर म्हातारपणी आकाश ओलांडून आली होती. धाकटा भाऊ भीमसिंग बायकोपोरांसकट तिसऱ्या यानाने निघाला होता. त्यालाही त्याचा कोस मिळेल, दोघांचे पट्टे मिळून घर उभं राहील, असा मायलेकींचा बेत. आता या चिंधीवर एक चूल पेटायची मारामार, दुसरीचं नाव कशाला घ्या.

इंदुमती स्वतः भूमापक होती. दुसऱ्या यानातली माणसं महिनोन् महिने विलगीकरणात कोंडलेली असताना पहिल्यांनी परस्पर मोजणी उरकली होती. बाहेर पडल्या पडल्या ती नकाशाघरात कामाला लागली ती हे बघायलाच. तिने तडक मुख्य भूमापक वामनरावांना हाताला धरून पटासमोर आणलं आणि मोजणी चुकली असल्याचं सांगितलं.

"चुकलेली नाही," वामनराव म्हणाले. हुशार माणूस, पण भित्रा. "दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, हेच तर दुखणं आहे. बाई, नदीकाठाला स्वतःची लांबी नसते. तुम्ही काठी कोणती घेता त्यावर ती ठरते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या यानाच्या वेळी मोजणी झाली ती नभमापनाने, वरून फिरणाऱ्या उपग्रहाच्या डोळ्याने. त्या डोळ्याला शेताच्या बांधाहून लहान काही दिसत नसे, म्हणजे त्याची काठी बांधाएवढी लांब. दुसऱ्या यानाच्या वेळेपर्यंत भुंगा तयार झाला होता. काठाकाठाने उडत जाणारं सूक्ष्ममापक यंत्र, त्याची काठी वीतभर. बैल काठाने चालला तर भेगा ओलांडून सरळ जातो. मुंगी प्रत्येक भेगेत उतरते नि पुन्हा वर येते. दोघांनी कोसभर चालायचं ठरवलं तर बैल पार पुढच्या वळणावर पोचेल, आणि मुंगी पहिल्याच कपारीत कोस संपवून बसेल.

"काठी अर्धी करा, लांबी वाढते," वामनराव म्हणाले. "पुन्हा अर्धी करा, पुन्हा वाढते. असल्या खडकात या वाढीला अंत नाही. सरळ काठ असेल तर मात्र फारसा फरक पडत नाही. सपाट रस्त्यावरून बैल गेला काय नि मुंगी गेली काय, वाट तेवढीच."

"आणि हे तुम्हाला मोजताना ठाऊक होतं?"

वामनरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ठाऊक होतं, म्हणाले.

"दोन्ही काठ्या खऱ्या, मान्य. मग बारीक काठी नेमकी आमच्याच पाठीत कशी बसली?"

वामनराव चष्मा पुसत राहिले.

तिने प्रकरण वसाहतसभेत नेलं. एकच मागणं मागितलं: काठी सगळ्यांना एक लावा. बांधाची लावा नाहीतर वितेची लावा, पण एक लावा. सभेचे प्रमुख दत्ताजीराव पहिल्या यानाचे, आवाज गोड आणि चामडी जाड. अचूक यंत्र हाती असताना ढोबळ यंत्राने मोजायला सांगता, तुम्ही शिकलेल्या ना, असं त्यांनी हसत विचारलं. आणि जुन्या पट्ट्यांचं म्हणाल तर मिळालेली जमीन मिळालेली, मागचं उकरायचं नाही. सभा खदखदून हसली. दुसऱ्या यानातलं कुणी बोललं नाही, कारण पहिलं पीक हाती येईपर्यंत नव्या माणसाला मत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

उन्हाळा आला, नदी आटू लागली, आणि दत्ताजीरावांना पाण्याचा कायदा सुचला. ज्याचा काठ जितका लांब, त्याला पाणी तितकं. आणि सगळ्यांचे काठ भुंग्याने नव्याने मोजायचे! भुंग्याने मोजलं की लांबी वाढते एवढं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. अर्धीच गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या यानाचे कोस मुळातच वितेने मोजलेले, ते होते तेवढेच राहणार. पहिल्यांचा कोस सव्वा कोस भरणार, आणि तेवढं जास्त पाणी त्यांच्या पाटात. मागचं उकरायचं नाही म्हणणारे आता स्वतःच्याच काठावर भुंगे सोडायला निघाले होते. बळी तो कान पिळी म्हणतात, पण इथे कान पिळून वर पिळवणुकीचा कायदाही करत होते.

इंदुमती उठून शांतपणे बोलली. पाण्याचा कायदा तिला मान्य होता. त्यात फक्त एक कलम घालावं: यापुढे वसाहतीत काठी एकच राहील, उपलब्ध असेल त्यातली सर्वांत बारीक; जमिनीला तीच आणि पाण्यालाही तीच. दत्ताजीराव खूश झाले. बाईंना अखेर पटलं म्हणाले. 'यापुढे' या शब्दाने त्यांची जुनी जमीन सुरक्षित होती, आणि भुंग्याहून बारीक काही असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. कलम एकमताने मंजूर झालं.

कोपऱ्यात बसलेल्या वामनरावांना मात्र सगळं कळलं होतं. बाहेर पडताना त्यांनी तिला गाठलं.

"इंदुताई, लहान केलेली काठी पुन्हा मोठी होत नाही. विचार करा."

"बोलायच्या वेळी तुम्ही गप्प बसलात," ती म्हणाली. "आता गप्पच बसा."

तो उन्हाळा दुसऱ्या यानातल्यांनी डबे वाहून काढला. जमनाबाईने डोक्यावरून पाणी नेऊन चिंधीभर नागली जगवली आणि पहिलं पीक घेतलं, तेव्हा तिच्या मानेला कायमची कळ लागली. ती मान धरून बसलेली दिसली की इंदुमतीच्या मस्तकात तिडीक जायची. त्या तिडिकेवरच तिने वर्षभर यंत्रशाळेत भुंग्यासाठी नवा डोळा घडवला. आधी काठी बोटाएवढी झाली, मग जवाएवढी, शेवटी तिळाएवढी.

पुढच्या उन्हाळ्याआधी कायद्याप्रमाणे सगळे काठ या नव्या, सर्वांत बारीक काठीने मोजले गेले. पहिल्यांनी हौसेने आपल्या काठाला घडीव दगडाचे गुळगुळीत घाट बांधले होते. तिथे तीळ चालला काय नि वीत चालली काय, सव्वा कोस तो सव्वा कोसच राहिला. खालचा खडक मात्र भोकात भोक, त्या भोकात भोक. तीळ प्रत्येकात उतरला. जमनाबाईचा एक कोस पन्नास कोस भरला. नदीवरच्या बंधाऱ्याची दारं खालच्या अंगाला उघडली, आणि दत्ताजीरावांच्या पाटात चिखल उरला.

ते धावत नकाशाघरात आले. खडकातली भोकं मोजून पाणी वाटायचं हा कुठला न्याय, असं विचारू लागले. इंदुमतीने त्यांना त्यांनीच मंजूर केलेलं कलम वाचून दाखवलं. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. दत्ताजीरावांनी कायदा बदलायचा घाट घातला, तर दुसऱ्या यानातल्यांची आता मतं होती, आणि संख्येने ते दुप्पट. वामनरावांनी काम सोडलं. इंदुमती मुख्य भूमापक झाली.

आणि मग तिसरं यान जवळ आल्याचा संदेश आला.

तिने पट लावला. नव्या कुटुंबांसाठी आणखी खालचा काठ ठेवलेला होता, तसाच खडकाळ. भीमसिंगचं नाव पहिलं होतं. तिने भुंग्याला कोस मोजायला सांगितलं. भुंगा निघाला, एका कपारीत शिरला, भोकाभोकातून फिरला, आणि कपारीतून बाहेर येण्याआधीच थांबला. कोस संपला होता. पटावर जे उमटलं ते शेत नव्हतं, पट्टा नव्हता, चिंधीसुद्धा नव्हती. घरापुढचं अंगण होतं. पाणीही त्याच हिशेबाने: आईच्या नावावर पन्नास कोस आणि भीमाच्या नावावर एक. काठी एकच, जमिनीला तीच नि पाण्यालाही तीच, हे तिनेच मागून घेतलं होतं. तिला संताप आला, आणि तो संताप काढायला या वेळी समोर दत्ताजीराव नव्हते.

तिने सभा बोलावली. पुन्हा लांब काठी धरू, बांधाएवढी. सगळ्यांची जमीन, पहिल्या यानापासून तिसऱ्यापर्यंत, त्याच काठीने मोजू आणि पाणीही त्याच काठीने वाटू, असा ठराव तिने मांडला. दुसऱ्या यानातले लोक तोंडं पाडून बसले. काठी लांब झाली की जमीन वाढली तरी पन्नास कोसांचा काठ पुन्हा कोसभर होणार, पाणी त्या मानाने घटणार, हे त्यांना आता कुणी शिकवायला नको होतं. मागून एकजण म्हणाला की चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

"अरे, सून सासूवर सूड उगवत असती तर मी बोलले नसते," इंदुमती म्हणाली. "आपण मागून येणाऱ्या सुनेला जाळायला निघालोय."

तेव्हा जमनाबाई उठली. मान धरूनच उठली.

"भीमाला आपल्यातलं देऊ," ती म्हणाली. "माझ्या पोराला मी उघड्यावर टाकणार नाही. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आपण नाही का काढलं?"

माना डोलल्या. प्रत्येकाचा कुणी ना कुणी त्या यानात होता, आणि प्रत्येकजण आपापल्याला आपल्यातलं देणार होता. ज्याचं इथे कुणीच नाही, त्याचं नाव कुणी काढलं नाही. आपला तो बाब्या! याच माणसांसाठी तिने वर्षभर डोळे फोडले होते.

मतं घेतली. ठरावाच्या बाजूने पहिल्या यानातल्या सगळ्यांचे हात वर गेले, दत्ताजीरावांचा सर्वांत आधी. त्यांची जमीन बांधाच्या काठीनेच मोजलेली, ती होती तेवढीच राहील आणि पाणी परत मिळेल, हा हिशेब त्यांनी बसल्या जागी केला होता. दुसऱ्या यानातून एकच हात वर गेला, तो इंदुमतीचा. जमनाबाईचे हात मांडीवर होते. ठराव पडला. दत्ताजीरावांनी बाकावर सरकून इंदुमतीला जागा करून दिली. तिला त्या जागेची किळस आली, पण दुसरीकडे कुणी सरकलं नव्हतं. ती तिथे बसली.

तिसरं यान उतरलं. विलगीकरण संपल्यावर माणसं रांग करून काठाने खाली आली. भीमसिंग सर्वांत पुढे होता, केस पिकलेले, कडेवर धाकटी पोर. इंदुमतीने चार खुंट्यांकडे बोट दाखवलं. तो, त्याची बायको, दोन पोरं आत उभी राहिली आणि जागा भरली. तो हसला. चेष्टा करायची तिची सवय त्याला लहानपणापासून माहीत होती.

"ताई, कोस ना?"

"हा कोसच आहे."

तो हसायचा थांबला. त्याने वरच्या अंगाला पाहिलं. तिथे आईच्या पट्ट्यात पाणी वाहत होतं, नागली गुडघ्यापर्यंत आली होती. मग त्याने मागे पाहिलं. रांग नदीच्या वळणापर्यंत होती, आणि सगळे खुंट्यांकडे बघत होते.

"हे मोजलं कुणी?" त्याने विचारलं.

सभेने, कायद्याने, भुंग्याने, असं काहीही सांगता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"मी," इंदुमती म्हणाली, आणि पुढच्या कुटुंबाचं नाव वाचलं.