चौथा सेन्सर

खोक्यात ॲल्युमिनियमचा एक गोळा होता, मध्यम कलिंगडाएवढा. चार अँटेना, त्यांतली एक वाकलेली. काळ्या वायरींना जोडलेले चार तापमानाचे सेन्सर, प्रत्येक हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बाकी सगळा पिवळा पडलेला कापूस. उपासनाने हे सगळं दोनदा मोजलं आणि टेबलावर ओळीने मांडून ठेवलं.

हा गोळा कधी उडालाच नव्हता. साठच्या दशकात, वातावरणाच्या अगदी वरच्या थरातली विरळ हवा मोजायला असे दोन जुळे उपग्रह बनवले होते. एक वर गेला, वर्षभर पृथ्वीभोवती फिरला आणि खाली येताना जळून गेला. दुसरा राखीव होता. तो फिरत फिरत अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या या प्रयोगशाळेच्या तळघरात येऊन पडला होता.

वर गेलेल्या जुळ्याने पाठवलेले आकडे नव्याने तपासायचं काम उपासनाकडे होतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की त्याचे तीन सेन्सर मुकाट्याने उणे चाळिसापर्यंत उतरत. चौथा मात्र अधूनमधून, सावलीच्या ऐन मध्यावर, चढायचा. काही मिनिटं चढलेला राहायचा आणि मग पुन्हा इतरांसारखा गार व्हायचा.

हवेची घनता मोजणारं यंत्र नेमकं याच चौथ्या सेन्सरला लागून बसवलेलं होतं. तो बिघडलेला असेल तर घनतेचं सगळं गणित कोसळणार होतं. मग शोधनिबंध नाही, निबंध नाही तर पुढचं काँट्रॅक्ट नाही, आणि काँट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख नीलांबरी मॅडमनी हे फार सौम्यपणे सांगितलं होतं. शुक्रवारपर्यंत बघू म्हणाल्या. राखीव सेन्सर त्याच खेपेतले होते. ते नीट चालले तर वरचाही नीट होता असं धरता येईल, एवढीच काय ती आशा.

"फेकून दे यार तो चौथा," शेजारच्या टेबलावरून प्रफुल्ल म्हणाला. "साठ वर्षांपूर्वी मेलेल्या सेन्सरवर कसला जीव लावतेस?"

तिने टेबलावरच्या ओळीतला चौथा सेन्सर उचलला. तो मीटरला जोडला आणि सवयीने मुठीत धरला. नागपुरात, इंदोऱ्याला, तिच्या वडिलांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. सेन्सर जिवंत आहे की नाही हे तिथे असंच बघत. धरायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचा. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा मात्र आकडा स्थिरावेपर्यंत सोडायचा नाही.

पडद्यावर रेघ उमटली. दोन छोट्या टेकड्या आणि मग पठार. पठार एकतीस पॉइंट चारवर.

उपासना बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग तिने उपग्रहाचे जुने आकडे उघडले, सावलीतला एक चढ निवडला आणि शेजारी ठेवला. दोन टेकड्या आणि पठार. एकतीस पॉइंट चार.

तिने दुसरा चढ घेतला. मग तिसरा.

"प्रफुल्ल, जरा हा धरतोस?"

त्याने धरला. त्याची रेघ सरळ चढली आणि चौतिसाच्या वर जाऊन थांबली. "तुझा हात म्हणजे फ्रीझरच आहे," तो हसत म्हणाला. मग तिच्या पडद्याकडे त्याचं लक्ष गेलं, आणि त्याने सेन्सर जरा घाईनेच खाली ठेवला. "योगायोग असेल," तो म्हणाला. जेवायची वेळ व्हायची होती, तरी तो डबा घेऊन वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. जय भीम झालं, तब्येतीची चौकशी झाली. मग तिने विचारलं, की सेन्सर तीनदा धरायची पद्धत त्यांना कुणी शिकवली.

"मला?" बाबा म्हणाले. "मी त एकदाच धरत होतो. तीनदा तूच धरायची, लहान होती तेव्हा. तुझं पाहून पाहून मलाही सवय लागली." मग त्यांनी विचारलं, "जेवली का?"

ती हो म्हणाली. इकडे सकाळचे आठ वाजलेत हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवारी तिने चारही सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवले. चारही शून्यावर आले आणि तिथेच राहिले. मग कोरड्या बर्फात. तिथेही चौघांचा आकडा एकच. नीलांबरी मॅडम स्वतः खाली येऊन बघून गेल्या.

"सेन्सर चांगला आहे, म्हणजे डेटा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "काँट्रॅक्टचं मी आजच बोलते. तो का तापायचा, ते नंतर बघू."

त्या गेल्या. प्रफुल्ल आज आलाच नव्हता. तळघराच्या उताराकडच्या खिडकीबाहेर देवदारांवर दुपारचं ऊन होतं.

उपासनाने चौथा सेन्सर पुसून कोरडा केला. शेवटची एक नोंद हवी होती.

धरला. सोडला.

धरला. सोडला.

तिसऱ्यांदा धरला. आकडा स्थिरावला, तशी तिने मूठ उघडली, सेन्सर टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

ती आकडा उतरायची वाट बघत बसली.

बाहेरचं ऊन टेबलाच्या कडेवरून जमिनीवर सरकलं.

खोलीचं तापमान वीस पॉइंट आठ. टेबलावरच्या चौथ्या सेन्सरचं, एकतीस पॉइंट चार.