सरावातले चार गडी

कौस्तुभला त्या चौघांचा मनापासून राग यायचा. माणसं असती तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता, पण बॉटला शिव्या घालून काय उपयोग? कॉम्प्युटरच चालवतो असले खेळाडू. दार दिसलं की नेमके दारात उभे राहणार आणि मागच्याला कोंडणार. एक शिडीवर चढला की दुसरा त्याच्या डोक्यावर. ‘थांबा’ म्हटलं की पळणार, ‘चला’ म्हटलं की भिंतीला नाक लावून उभे. आपल्या बाजूचे चौघे असे ठोंबे, आणि समोरचे पाच मात्र इतके पक्के की धुरातूनही कौस्तुभचंच डोकं टिपायचे.

"तुमचे गडी आज कामावर आले का?" हेमलता मागून विचारायची.

"आलेत. काम सोडून बाकी सगळं करतायत."

"मालकावर गेलेत मग."

लग्नाला आठ महिने झाले होते. ती बार्शीची, तो लातूरचा, आणि संसार मांडला होता पुण्याजवळच्या नेऱ्यात. घरमालक दादासाहेबांनी शेताच्या कडेला भाड्याने द्यायला चार खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या दोन यांच्याकडे. तिसरीकडे सिमेंटची पोती होती, चौथीला अजून दार नव्हतं. कौस्तुभ हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या, त्या कशा घडतात ते पायरीपायरीने लिहून द्यायचं, हे त्याचं काम. शिफ्ट संध्याकाळी सहाची, त्यामुळे दुपार रिकामी.

दोन हजार नऊचा जानेवारी लागला होता. महिनाअखेरीला कंपन्या-कंपन्यांमध्ये पाच विरुद्ध पाच अशी गेमची स्पर्धा होती. कौस्तुभच्या संघातले इतर चौघे पुण्यातून ऑनलाइन जमायचे. नेऱ्याचं ब्रॉडबँड मात्र असं की ऐन मोक्याला कौस्तुभचा खेळाडू पुतळ्यासारखा थिजायचा. शेवटी कॅप्टन निषाद वैतागला. "बाबा रे, तू आमच्यात येऊच नकोस. घरी बॉटबरोबर रोज दोन तास बस. नेम तरी सुधारेल."

म्हणून हे चार गडी नशिबी आले.

पहिल्यांदा ते झालं एका सोमवारी, अडीचच्या सुमाराला. मॅच सुरू झाली, चौघे गोदामातून बाहेर पडले, दहा पावलं चालले आणि थांबले. मग एकापाठोपाठ एक वळले. कौस्तुभला वाटलं, गेम अडकला. पण घड्याळ चालू होतं. गड्यांच्या छात्या वरखाली होत होत्या. समोरून शत्रू आला, त्याने एकाला उडवलं. उरलेल्या तिघांनी मानसुद्धा हलवली नाही. ते पडद्यातून बाहेर बघत होते.

कौस्तुभकडे नाही. त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे.

टेस्टरच तो. चूक सापडली म्हणून आधी खूश झाला. गेम बंद करून पुन्हा लावला, नकाशा बदलला, सगळा गेम काढून नव्याने टाकला. मंगळवारी तेच. चौघांभोवती गोल फिरून पाहिलं, तर तो फिरेल तशा त्यांच्या माना फिरत आणि नजर पुन्हा त्याच्या डाव्या खांद्यामागे येऊन थांबे. बुधवारी शत्रूकडचे पाचही येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. नऊजण. बंदुका खाली. कोणी कोणावर गोळी झाडत नव्हतं.

त्याने मागे वळून बघितलं. पलंगावर हेमलता तोंडावर पेपर घेऊन झोपली होती. तिचा श्वास पेपराला लागत होता. पलंगाखाली वाकून पाहिलं, तर पत्र्याची ट्रंक आणि चपला. भिंत कोरी. पलीकडे सिमेंटची पोती.

गुरुवारी त्याने टेबल ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं. वायर कशीबशी ताणली. आता पलंग उजव्या बाजूला मागे आला. गडी दहा पावलं चालले, थांबले, वळले आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे बघू लागले.

वहीत त्याने लिहिलं, ‘नजर खोलीतल्या एकाच जागेवर. पलंग.’ आणि आपल्याच अक्षराकडे कितीतरी वेळ बघत बसला. टेबल परत जागेवर आणून ठेवलं. निषादला फोन करून सांगितलं, तर तो हसला. "तू झोप काढ रे आधी!"

शुक्रवारी दुपारी नाथा आला. नाथा मेंढपाळ. दादासाहेबांच्या भात काढलेल्या खाचरात खतासाठी त्याची मेंढरं बसवलेली होती, आणि रोज दुपारी तो मोबाइल चार्ज करायला यायचा. साठीचा माणूस. फोन आणि चार्जर एका फडक्यात बांधून आणायचा आणि घरात न शिरता उंबऱ्यातच बसायचा. हेमलता त्याला चहा द्यायची.

"आले का नाथामामा? टाकते हं," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

कौस्तुभ खेळत होता, म्हणजे बघत होता. नऊजण उभे होते. पण आज नजर पलंगाकडे नव्हती. पलंग रिकामाच होता. ते बघत होते त्याच्या उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"ही कोन मानसं?" नाथाने उंबऱ्यातून विचारलं.

"माणसं नाहीत, मामा. कॉम्प्युटरची चित्रं. बिघडलीत."

नाथाने मान पुढे काढून पडदा निरखला. मग म्हणाला, "बिघडली न्हाईत. मेंढरं हुबी ऱ्हात्यात अशी."

"कधी?"

"लांडगा आला की." त्याने आवाज बारीक केला. "पयल्यांदा समदी लांडग्याकडं बघत्यात. ते येगळं. पर त्यानं एकदा हेरलं ना, मग त्याच्याकडं कुनी बघत न्हाई. जे हेरलंय त्याच्याकडं बघत्यात. आपल्याला लांडगा दिसत बी न्हाई. त्यान्ला कळतं."

हेमलता चहाचे कप घेऊन बाहेर आली. खोली ओलांडून ती उंबऱ्याकडे निघाली आणि पडद्यावरच्या नऊ माना तिच्याबरोबर उजवीकडून डावीकडे वळत गेल्या. तिने नाथाला कप दिला. माना थांबल्या. ती मागे फिरली, माना मागे फिरल्या.

तिचं लक्ष नव्हतं. "साखर बघा हो कमी असेल तर," एवढंच म्हणाली.

नाथाने चहा घेतला नाही. कप उंबऱ्यावर ठेवून दिला.

कौस्तुभने वहीतलं ‘पलंग’ पुन्हा वाचलं. टेबल हलवताना दोन गोष्टी बदलून बघायला हव्या होत्या, त्याने एकच बदलली होती. रोज दुपारी पलंगावर तीच तर असायची. नव्या पोराने असं टेस्टिंग केलं असतं तर कौस्तुभने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली असती.

तो नाथाच्या मागोमाग खाचरापर्यंत गेला. "मामा, मग तुम्ही काय करता? एखाद्याला हेरलं तर?"

"मधी घेतो त्याला. कळपाच्या पार मधी. एकलं ऱ्हाऊ देत न्हाई."

"वाचतं?"

"कवाकवा." नाथाने त्याच्याकडे बघितलं नाही. "सायेब, माजा फोन काढून आनून द्या. चार्जिंग ऱ्हाऊ द्या आज."

त्या संध्याकाळी कौस्तुभ कामावर गेला नाही. पोट बिघडलंय म्हणून कळवलं आणि घरात येरझाऱ्या घालत राहिला. आपण टेस्टर, चार पुस्तकं शिकलेले, आणि मेंढपाळाच्या बोलण्यावर धावाधाव करणार? पण त्या माना त्याने डोळ्यांनी बघितल्या होत्या. आणि हेमलता लसूण सोलता सोलता गुणगुणत होती. तिच्याकडे बघितलं की त्याला रडू यायला लागलं. ही गेली तर?

या घराच्या आजूबाजूला कोण होतं? पोती आणि मोकळी खाचरं. तो रात्रभर नसायचा, ती एकटी. आणि बार्शीला तिचं माहेर चौदा माणसांचं. आजी, तीन काका, पोरंबाळं. पायरीगणिक माणूस. कळपाच्या पार मध्ये.

"पहिली संक्रांत आहे," तो म्हणाला. "आईकडे जाऊन ये. उद्याच."

"अगंबाई! मागितल्याशिवाय?" तिने डोळे बारीक केले. "स्पर्धा आली म्हणून घालवताय ना मला? गड्यांबरोबर मोकळं रान हवंय."

"तसं समज."

"काळी साडी घेऊन देणार असाल तर तसं समजते."

शनिवारी सकाळी तिला काळी साडी मिळाली. ती नेसूनच ती निघाली. स्वारगेटला त्याने मुद्दाम दोन गाड्या सोडल्या आणि तिसरी, खच्चून भरलेली खासगी गाडी निवडली. वाहकाशी हुज्जत घालून मधल्या रांगेतली सीट मिळवली. पुढे माणसं, मागे माणसं, वाटेत पिशव्यांवर बसलेली माणसं. हेमलताने कपाळाला हात लावला. "एवढी गर्दी बघून कोणी गाडी निवडतं का हो?"

"गर्दीच बरी. खिडकीशी बसू नकोस. आणि कुठे उतरू नकोस मध्येच."

गाडी हलली तेव्हा त्याला आठवडाभराचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दीड वाजता घरी आला, भात-आमटी गरम करून जेवला. मग, आता सगळं नीट असणार याची खात्री करायला, गेम लावला.

गडी दहा पावलं चालले आणि थांबले.

पलंगाकडे कोणी बघत नव्हतं. स्वयंपाकघराकडेही नाही. त्यांनी माना त्याच्या उजव्या खांद्यामागे वळवल्या होत्या, आणि नजर खोलीत नव्हतीच. लांबचं काहीतरी बघतात तसे डोळे. कौस्तुभ वळला. मागे खिडकी होती. खिडकीबाहेर खाचर, त्यापलीकडे टेकडी. नाथाची मेंढरं तिथे नव्हती. सकाळीच हलवली असावीत.

खिडकी आग्नेयेला. बार्शीची गाडी जाते तो सोलापूरचा रस्ता आग्नेयेला.

त्याने फोन लावला.

"भिगवण सोडलं आत्ताच," हेमलता म्हणाली. "मस्त ऐसपैस बसलेय. तुमचं जेवण झालं का?"

"हेमा, उतर."

"काय?"

"पुढच्या थांब्यावर उतर. मी गाडी घेऊन येतो तिथे. हॉटेलात बस, माणसांत बस."

"तुम्हीच म्हणालात ना, मध्येच उतरू नकोस? बरं नाही का तुम्हाला?" तिच्या आवाजातली चेष्टा गेली. "अहो, काय झालंय? घाबरवू नका हो मला. इथे आधीच सगळे कसे..."

फोन कटला.

पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

पुन्हा.

गडी हळूहळू वळत होते. केसभर. गाडी पुढे जाईल तसे.

पुन्हा. पुन्हा. बाईचा तोच रेकॉर्ड केलेला आवाज. मोटारसायकलची किल्ली हातात होती, पण शंभराच्या वर किलोमीटर, तो पोचणार कधी? आणि इथून उठलं तर कळणार कसं?

तीन दहा.

तीन बारा.

एका गड्याने मान झटकली.

मग दुसऱ्याने. नऊजण एकमेकांपासून वेगळे झाले. पाच पलीकडे पळाले, चार अलीकडे आले. एकाने बंदूक भरली. एक दारात जाऊन उभा राहिला आणि दुसरा त्याच्या मागे अडकला. गोळ्या सुटायला लागल्या.

"सुटली!" कौस्तुभ ओरडलाच. टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. संपलं होतं ते, जे काय होतं ते. नजर उठली होती. उतरली असेल ती गाडीतून, ऐकलं असेल तिने. गड्यांनी त्याच्याविनाच तो डाव जिंकला.

फोन वाजला. मोबाइलच्या पडद्यावर ‘हेमा’.

"उतरलीस ना? कुठे आहेस?"

"हॅलो," पुरुषाचा आवाज आला. मागे गोंधळ होता, कोणीतरी पाणी मागत होतं. "तुमी ह्या बाईंचं मालक का? मी गाडीतला पॅशिंजर बोलतुया. चंद्रकांत नाव माजं. इंदापूरच्या अलीकडं... सळयांचा ट्रक हुता पुढं. त्यानं ब्रेक मारला आन् सळई काच फोडून आत आली. तुमी या सायेब. लगेच या."

कौस्तुभला आपलाच आवाज लांबून ऐकू आला. "गाडी भरलेली होती. ती मध्ये बसली होती. बाकीचे? आजूबाजूचे?"

"बाकी कुनाला खरचटलं बी न्हाई."

"असं कसं? एवढ्या गर्दीत?"

मागचा गोंधळ जरा लांब गेला.

"गर्दी हुतीच. मी सोता हुबा हुतो. पर बाईंच्या भवतीनं सा-सात सीटा मोकळ्याच हुत्या. भिगवणच्या आदीच मानसं उठून पुढं-मागं झाली, पुन्यांदा तितं बसाया कुनी गेलंच न्हाई."

"का?"

"काय सांगू सायेब. का ते न्हाई सांगता यायचं. आमी समदी नुसती त्यांच्याकडं बघत हुबी हुतो."